हातात सुरी देण्याआधी

सफाक्स,
९ फेब्रुवारी

प्रिय मबरूकाताई,

तुझ्या कपाळाचा मुका घेऊन लिहायला बसले आहे. इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत, विहिरीची भिंत बांधायला गवंडी आला का, आणि सूनबाई माहेराहून परतली का, हे सगळं कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, त्यामुळे आपल्या नशिबी ही पत्रंच. मला मात्र ती बरी वाटतात. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, कागदावर मी शेवटपर्यंत बोलू शकते.

शहराबाहेरच्या रस्त्यावर बदाम फुललेत. काल इस्पितळातून परतताना गाडी बाजूला लावून उगीचच पाच-दहा मिनिटं उभी राहिले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं गाडी बंद पडली. बिचारा उतरून विचारायला आला. म्हटलं, काही नाही बाबा, बघतेय. त्यालाही मग बघावंसं वाटलं असावं, तोही उभा राहिला.

मागच्या पत्रात तू रागावून विचारलं होतंस की दर मंगळवारी या कसल्या बैठका, आणि साठीला टेकलेल्या बाईने घरी जाऊन पाय वर करून बसावं की नाही. सांगते.

आमच्याकडे दरवर्षी नवी मुलं-मुली शस्त्रक्रिया शिकायला येतात. पहिली दोन वर्षं संपली की त्यांना काय काय यायला हवं, काय एकट्याने करू द्यायचं आणि काय अजिबात नाही, हे आजवर कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. ज्याचे वरिष्ठ खूश, तो तयार. ज्याचे वरिष्ठ कंटाळलेले, तोही तयार, कारण त्याच्यावर काम सोपवून घरी जाता येतं. आता हे नीट ठरवायचं म्हणून आमची पाच जणांची समिती नेमली आहे. मी तिची प्रमुख. हसू नकोस.

तुला वाटेल यात अवघड ते काय. मलाही वाटलं होतं. पण पहिल्याच बैठकीत शादली साहेबांशी माझी जुंपली. ते आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. पुढच्या वर्षी निवृत्त होतील, हात अजून लोण्यासारखा चालतो. ते म्हणाले, आकडा ठेवा. इतकी ॲपेंडिक्स, इतके हर्निया, इतकी गळवं, की झाला तयार. मी म्हटलं, एखाद्याने वीस वेळा चुकीचं केलं तरी ते वीसच भरतात. यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, पुढचा अर्धा तास गेला.

मी त्यांना तुझंच उदाहरण दिलं. तू मला रव्याचं कुसकुस वळायला शिकवलंस तेव्हा किती वेळा वळलं ते मोजलं होतंस का? तू शेजारी बसून माझ्या बोटांकडे बघत होतीस. मग एक दिवस परात माझ्यापुढे सरकवून बाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला गेलीस. तुला आत कळलं होतं. ते ‘आत कळणं’ कागदावर कसं आणायचं, एवढीच आमची अडचण. शादली साहेब म्हणाले, “तुझ्या बहिणीलाच समितीवर घे. आपण सगळे घरी जाऊ.”

हळूहळू पुष्कळसं जमलं. मुलगी टाका घालते तो कसा, गाठ मारते ती सुटते का, रक्त आलं की घाबरून कुठेही चिमटा लावते की आधी बोटाने दाबून धरते, पेशंटशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघते की भिंतीकडे, हे सगळं आम्ही साध्या वाक्यांत लिहिलं. भांडण उरलं ते एकाच वाक्यावरून. माझं म्हणणं, आपल्याला येत नाही ते ओळखून थांबणं आणि मदतीला हाक मारणं, हीसुद्धा पात्रता आहे, टाके घालण्याइतकीच. शादली साहेबांचं म्हणणं, हा भित्रेपणा आहे, आणि आपण तो छापून वाटणार आहोत.

आमच्यात अफाफ नावाची एक मुलगी आहे, कसरीनकडची, दुसरं वर्ष संपत आलेलं. हात नेटका, पण विचारते फार. शादली साहेब तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. “प्रश्नपत्रिका आली का आज?” असं सगळ्यांसमोर विचारतात. तीही “आले, सर, आणि वेळ संपेपर्यंत थांबणार आहे” असं म्हणते. मला ती आवडते, पण मी तसं दाखवत नाही.

बाकी विशेष काही नाही. पुढच्या आठवड्यात तुझ्या पुतणीच्या साखरपुड्याला बेटावर यायला मला जमणार नाही. गुरुवारी थोडं काम आहे, आणि नंतर काही दिवस बसमध्ये इतका वेळ बसणं बरं नाही. तिच्यासाठी चांदीच्या तोरड्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. माझं पत्र उशिरा आलं तर काळजी करू नकोस.

तू पाठवलेला अंजिरांचा डबा संपला. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, सूचना म्हणून लिहिलं आहे.

तुझी लाडकी,
रौधा


सफाक्स,
२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, आणि त्याही रागाच्या: “अक्षर तुझं आहे, मजकूर तुझा नाही. काय लपवतेस ते लिही, नाहीतर मी बसमध्ये बसते.” तोंडाने धमकी आणि हाताने अंजिरांचे दोन डबे. तुला जमतं हे.

तर लिहिते. तू आधी बस. पाणी पी. मी उत्तम आहे. आत्ता खिडकीत उन्हाला बसून लिहिते आहे, सकाळी चालत कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन आले आणि काल रात्री मासा घालून केलेलं कुसकुस दोनदा वाढून घेतलं. एवढं वाचून झालं की मग पुढे जा.

गेले काही महिने मला जांघेत एक गाठ होती. बोराएवढी. खोकलं की फुगायची, झोपलं की आत जायची. हर्निया. आयुष्यभर दुसऱ्यांचे शिवत आले, त्यामुळे स्वतःचं निदान मी स्नानगृहात आरशासमोर दोन मिनिटांत केलं आणि म्हटलं, समितीचं काम संपलं की बघू. हो, चुकलंच. ओरडायचं असेल तर इथेच ओरडून घे, कारण पुढे आणखी आहे.

जानेवारीच्या शेवटच्या बैठकीत त्या एका वाक्यावरून आम्ही पुन्हा अडलो. मी म्हणाले, आम्ही ठरवलेलं सगळं ज्याला येतं, त्याच्या हाती वरिष्ठ समोर उभा असताना साधा हर्निया निर्धास्तपणे सोपवता यायला हवा, नाहीतर या कागदाला अर्थ नाही. शादली साहेब शांतपणे म्हणाले, “कागदावर सगळेच निर्धास्त असतात. तू झोपशील का टेबलावर? दुसऱ्या वर्षाच्या पोरीच्या हाताखाली?”

मी म्हटलं, “झोपेन. हर्निया आहे मला.”

शादली साहेबांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरले. मग म्हणाले, समोर मी उभा राहणार, आणि मला वाटेल त्या क्षणी सुरी माझ्या हातात. मी म्हटलं, तसंच लिहिलंय आपण.

आता तुला कळलं असेल मी का लपवलं. गाठीमुळे नाही. हात कुणाचे होते त्यामुळे. तुझ्या पित्ताशयाच्या वेळी तू पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकाला दारातच गाठून किती वर्षं झाली शिकून म्हणून विचारत होतीस. एका मुलाला तर तू रडवलंस. आणि तू असं का करतेस ते मला माहीत आहे. त्यावर आपण दोघी कधीच बोललो नाही. आज बोलणार आहे, पण आधी गंमत ऐक.

अफाफला मी बोलावून सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली.

“मॅडम, दुसऱ्या कुणाला सांगा.”

“का? तुला येत नाही?”

“येतं. पण तुम्ही आहात. आणि अडलं तर?”

“अडलं तर काय करशील?”

“सरांना सांगेन.”

“मग झालं तर,” मी म्हटलं. तरीही ती दोन दिवस विचार करून आली. सगळ्या अटी विचारून घेतल्या, पेशंट म्हणून मला सगळे धोके समजावून सांगितले, आणि मला काही प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं तर म्हणाली, “नीट विचार करा, पेशंटला प्रश्न असतातच.” ताई, बत्तीस वर्षं मी हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवत आलेय. आपल्याला ऐकवलं की किती राग येतो ते मला आत्ता कळलं.

शादली साहेबांनी मला तपासलं. सोनोग्राफी करून घेऊ का म्हणाले. मी म्हटलं, काही गरज नाही, साधा आहे, मला कळत नाही का? मी इतकं ठासून सांगितल्यावर त्यांनीही मान डोलावली.

गुरुवारी सकाळी मला आत नेलं. भूल देणारी नाईमा, माझी जुनी मैत्रीण. तिने पाठीत सुई दिली आणि कंबरेखालचं सगळं माझं असूनही माझं राहिलं नाही. छातीवर हिरवा पडदा लागला. नाईमाने माझ्या डोक्याशी स्टूल ओढलं आणि बजावलं, “तू आज डॉक्टर नाहीस. तोंडातून एक सूचना आली तर झोपवून टाकीन.”

मी पडद्याकडे बघत पडले. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आम्ही ठरवल्याप्रमाणे अफाफ प्रत्येक थर मोठ्याने सांगत होती. आता त्वचा, आता चरबी, आता हे आवरण उघडते. आवाज सुरुवातीला बारीक होता, मग स्थिर झाला. दुखत नव्हतं, नुसतं कुणीतरी खिशात चाचपडावं तसं वाटत होतं. चिमट्याच्या आवाजावरून मला कळत होतं की ती घाई करत नाही. एकदा मला सांगावंसं वाटलं की जरा वर धर, आणि त्याच क्षणी तिने वर धरलं असावं, कारण ताण हलला. मी नाईमाकडे बघितलं. नाईमाने ओठांवर बोट ठेवलं.

मग ती गप्प झाली. फार नाही, पण टेबलावर पडलेल्या माणसाला ते फार वाटतं.

“सर, मी इथे थांबते,” अफाफ म्हणाली.

“काय झालं?”

“इथे हर्निया नाही. ही जागा रिकामी आहे. मला वाटतं तो याच्या खालून, मांडीच्या बाजूने आलाय. तो वेगळा प्रकार आहे. मला हे येत नाही, सर. तुम्ही घ्या.”

शादली साहेब वाकून बघत असावेत. मग पडद्यावरून त्यांचं टोपी घातलेलं डोकं वर आलं.

“रौधा, हे निदान कुणी केलं होतं?”

“मी.”

“चुकलंय. आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला.”

मला हसू फुटलं. आधी मला, मग नाईमाला, मग सगळ्या थिएटरला. नर्सच्या हातातला ट्रे खुळखुळायला लागला. शादली साहेब ओरडले, “पेशंटला हसू देऊ नका, पोट हलतंय!” त्याने तर आणखीच. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उताणं पडल्यामुळे सरळ कानांत गेलं. नाईमा ते टिपत राहिली. तिला वाटलं मी हसूनच रडतेय. मीही तिला तसं वाटू दिलं.

पुढचं काम शादली साहेबांनी केलं आणि अफाफने त्यांना साथ दिली. त्या प्रकारचा हर्निया वाईट असतो, ताई. बाहेरून साधा दिसतो आणि एखाद्या दिवशी आतड्याला गळफास लावतो. अफाफने ठरल्याप्रमाणे तिथेच शिवून टाकलं असतं, तर शिवण सुंदर झाली असती आणि खरा दोष आत तसाच राहिला असता. मीच सांगितलं होतं, शादली साहेबांनी मान डोलावली होती, आणि आम्हा दोघांच्या शब्दापेक्षा तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. बरं, डोळ्यांवर ठेवला तो ठेवला, हातावर ठेवला नाही, वेळेवर हाक मारली.

दुपारी ती माझ्या खाटेशी आली. चेहरा पडलेला. “मॅडम, मी पूर्ण करू शकले नाही. म्हणजे मी नापास ना?”

मी म्हटलं, “मी पेशंट आहे, मला निकाल देता येत नाही. सरांना विचार.”

सर दारातच उभे होते. म्हणाले, “येत्या रविवारच्या ड्युटीला ही आहे. त्या दिवशी मी घरी दुपारी निवांत झोपणार आहे.” आणि निघून गेले. अफाफ माझ्याकडे बघत राहिली. तिला अर्थच लागेना. मी समजावून सांगितलं की या माणसाने कुणाच्या भरवशावर दुपारी झोपायची तयारी आजवर दाखवलेली नाही. मग तिने तिथेच, माझ्या खाटेच्या कडेवर बसून, कसरीनला आईला फोन लावला आणि बोलता येईना म्हणून फोन माझ्या हातात दिला. तिची आई ओरडूनच बोलते, तुझं आणि तिचं छान जमेल. चार दिवसांनी तिने पाइनच्या बियांची एक पिशवी पाठवली, नाईमाने त्यांची खीर केली, आणि सगळा वॉर्ड वाट्या घेऊन माझ्या खोलीत.

परवाच्या मंगळवारी मी उशी घेऊन बैठकीला गेले. ते वाक्य शादली साहेबांनीच मांडलं, आणि यादीत पहिलं घातलं, टाक्यांच्याही वर. कैस नावाचा आमचा तरुण सर्जन म्हणाला, पण हे तपासायचं कसं? शादली साहेब म्हणाले, “त्यांच्यापुढे न येणारी गोष्ट ठेवायची आणि बघायचं. आम्हाला असं कुणी बघितलं नाही. आमच्या वेळी जो थांबायचा त्याला भित्रा म्हणायचे, म्हणून आम्ही थांबलो नाही. नशीब म्हणून निभावलं. सगळ्यांचं निभावलं असेल असं नाही.” मग मंजूर झालं. पाचही जणांनी.

आता ते दुसरं.

ताई, आई गेली तेव्हा बाबा पॅरिसला दुकानात होते, त्यांना तार पोचायलाच दोन दिवस लागले. मी नऊ वर्षांची होते, मामाच्या मांडीवर. आईला त्या मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात आत नेलं तेव्हा कागद तुझ्यापुढे आला आणि तू सही केलीस. तू सतरा वर्षांची होतीस. त्यानंतर मी तुला कधी सही करताना पाहिलेलं नाही. घराच्या कागदांवरसुद्धा तू नवऱ्याला पुढे करतेस आणि आपलं अक्षर वाईट आहे म्हणतेस. तुझं अक्षर वाईट नाही. इतकी वर्षं मी तुझी पत्रं वाचते आहे.

मी सर्जन झाल्यावर एकदा त्या दवाखान्यात गेले होते. तुला सांगितलं नव्हतं. त्या वेळची एक म्हातारी नर्स भेटली. तिला आई आठवत होती. त्या दिवशी तिथे एकटा एक पोरगा डॉक्टर होता, शिकायला लागून वर्षही झालेलं नव्हतं. त्याने पोट उघडलं, आत काहीतरी वेगळंच निघालं, आणि तो करत राहिला. शेजारच्या गावात मोठे सर्जन होते, पाऊण तासावर. नर्स म्हणाली, मी त्याला म्हटलं, बोलवूया का? तो म्हणाला, मला येतं. त्याला येत नव्हतं. वाईट नव्हता तो, घाबरलेला होता, आणि ‘मला येत नाही’ म्हणायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

हे मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण मला वाटायचं तुझी जखम उकलेल. आता वाटतं ती मिटलेलीच कधी नव्हती. तुझ्या सहीने आई गेली नाही, ताई. सही केली नसतीस तर ती दारातच गेली असती. तू जे करायचं ते बरोबर केलंस. त्या सबंध इमारतीत त्या दिवशी आपलं काम नीट केलेलं माणूस तू होतीस.

थिएटरमध्ये अफाफ म्हणाली ना, मला हे येत नाही, तुम्ही घ्या, तेव्हा मला वाटलं, हे आईनेही ऐकायला हवं होतं. मग वाटलं, तू तरी ऐक. म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

पुढच्या शुक्रवारी मी येते आहे. अफाफ गाडी चालवणार, तिने समुद्रातलं बेट अजून पाहिलेलं नाही. ती माझ्या टाक्यांकडे लक्ष ठेवेल आणि तू तिच्याकडे. तिला मासा कमी तिखट लागतो. एवढं तिखट कमी करणं तुझ्याच्याने होईल का, माहीत नाही. नाही जमलं तर हाक मार, मी आहे स्वयंपाकघरात.

तुझ्या हाताखाली वाढलेली, आणि अजून शिकत असलेली,
रौधा